एव्हिएशन, व्हायोलेट आणि जायफळाचा न्याय

मंडळी, या शनिवारचा विषय जरा 'ओला' आहे. ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी नुसता इतिहास आणि रसायनशास्त्र वाचावं, हरकत नाही. जे घेतात त्यांनी आधी आपलं वय आठवावं. आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि हार्ड लिकरसाठी २५ पूर्ण लागतात, शिवाय परवानाही लागतो. मी अठ्ठाविसाचा आहे आणि परवाना पाकिटात आहे. झालं? आता मुद्द्याकडे वळतो.

मुद्दा असा, की एव्हिएशन नावाचं कॉकटेल घरी करणारे बहुतेक लोक ते रंगासाठी करतात, आणि म्हणूनच ते बिघडतं. या पेयात फूल आहे ते दिसण्यासाठी नाही, वासासाठी आहे. आणि तेही इतकंच, की 'आहे का नाही?' असा प्रश्न पडावा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: जिन, लिंबाचा रस, मरास्किनो नावाचं चेरीचं लिक्युर आणि क्रेम द व्हायोलेट नावाचं व्हायोलेटच्या फुलांचं लिक्युर. बस, चारच गोष्टी. बर्फाबरोबर जोरात हलवायच्या, गाळायच्या, थंडगार पेल्यात ओतायच्या. नीट जमलं तर उजाडायच्या आधी आकाश असतं तसा फिकट, निळसर राखाडी रंग येतो. नाव एव्हिएशन, म्हणजे विमानविद्या. त्या काळात विमान हीच मोठी नवलाई होती. राईट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं, आणि हे कॉकटेल पहिल्यांदा छापलं गेलं १९१६ साली. न्यूयॉर्कच्या हॉटेल वॉलिकमध्ये ह्यूगो एन्सलिन नावाचा मुख्य बारटेंडर होता, त्याच्या पाककृतींच्या पुस्तकात. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि हा सगळा धंदाच बसला.

आता गंमत बघा. एन्सलिनचं प्रमाण असं: दोन भाग जिन, एक भाग लिंबाचा रस, मरास्किनोचे दोन शिंतोडे आणि क्रेम द व्हायोलेटचे दोन शिंतोडे. पुढे १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या हॅरी क्रॅडकचं प्रसिद्ध कॉकटेल बुक आलं. त्यात एव्हिएशन आहे, प्रमाणही तेच आहे, फक्त व्हायोलेटची ओळ नाही. का नाही, ते पुस्तकात लिहिलेलं नाही. पण एन्सलिनचं पुस्तक दुर्मीळ झालं आणि सॅव्हॉयचं पुस्तक पिढ्यान् पिढ्या छापलं गेलं. त्यामुळे बारमागच्या माणसांना ही फुलं नसलेली आवृत्तीच मूळ वाटायला लागली. पुढे अमेरिकेच्या बाजारातून क्रेम द व्हायोलेटच गायब झालं, ते २००७ मध्ये ऑस्ट्रियाहून पुन्हा आयात व्हायला लागलं तेव्हा परतलं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं लोक 'विमानविद्या' नावाचं पेय पीत होते, आणि त्यात आकाशच नव्हतं!

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. कॉपी-पेस्ट करताना एक ओळ गळते. प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, क्लायंट तक्रार करत नाही. मग ती ओळ कधी होती हेच कुणाला माहीत नसतं, आणि 'पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य कानावर यायला लागतं. एरर देणारी चूक बरी हो, ती सापडते. जी गेली तरी काम चालतं, ती गोष्ट खरी हरवते.

इथे विरुद्ध बाजूचं म्हणणंही प्रामाणिकपणे मांडतो. बरेच जाणकार म्हणतात, सॅव्हॉयवालं पेयच जास्त चांगलं लागतं. आंबट, कोरडं, स्वच्छ. व्हायोलेट घातलं की साबण चाखल्यासारखं होतं. मी यातलं अर्धं मान्य करतो. साबणाचा आरोप खरा आहे, पण तो फुलाचा दोष नाही, प्रमाणाचा आहे. आणि व्हायोलेट काढल्यावर जे उरतं ते चांगलं पेय आहे, वाद नाही. फक्त ते मरास्किनो घातलेलं जिन-लिंबू आहे. त्याला वेगळं नाव द्या आणि खुशाल प्या.

साबण का होतो ते आधी समजून घेऊ. व्हायोलेटच्या वासामागे मुख्यतः आयोनोन नावाची संयुगं असतात. १८९३ मध्ये टीमान आणि क्रुगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत बनवली, आणि तेव्हापासून ती अत्तरं, पावडरी, साबण सगळीकडे गेली. म्हणजे हा वास आपण फुलाकडून शिकलोच नाही, न्हाणीघरात शिकलो. व्हायोलेट काही आपल्या परसात उगवत नाही. आपल्याकडे ते पोचलं ते युनानी औषधांच्या दुकानातलं वाळकं बनफ्शा म्हणून. त्यामुळे पेल्यात तो वास जास्त झाला, की मेंदू सरळ दिवाळीच्या पहाटेवर उडी मारतो. उटणं, मोती साबण, कढत पाणी. कॉकटेल प्यायचं सोडून अभ्यंगस्नानाला बसल्यासारखं वाटतं :)

आयोनोनची आणखी एक खोड आहे. ते नाकाला काही क्षण बधिर करतं. वास येतो, मग गेल्यासारखा वाटतो, मग परत येतो. थोडं असेल तर ही लपाछपी फार गोड लागते. दर घोटाला फूल नव्यानं भेटतं. जास्त असेल तर लपाछपी संपते आणि नुसता मारा उरतो. शिवाय २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की यातल्या बीटा-आयोनोनचा वास प्रत्येकाला सारखा येत नाही. एका जनुकातल्या फरकामुळे काहींना तो फुलाचा वाटतो, काहींना आंबुस वाटतो, तर काहींना फारसा जाणवतच नाही. तेव्हा पाहुण्याला आवडलं नाही तर वाद घालू नका. त्याचं नाक वेगळं आहे.

आता जायफळ. पुरणपोळीत जायफळ घालणारी कुठलीही बाई (किंवा बुवा, आमच्याकडे मीच पुरण वाटतो) तुम्हाला एव्हिएशनचं गुपित एका वाक्यात सांगेल. जायफळ पुरणात 'लागलं' पाहिजे, 'कळलं' नाही पाहिजे. नसेल तर पोळी गोड पण मुकी होते. जास्त झालं तर पोळी औषध होते. श्रीखंडातल्या केशराचंही तेच. आपल्याकडे फुलांची आणि सुगंधाची खाण्यातली शिस्त शेकड्यांनी वर्षं जुनी आहे, गुलकंद आहे, केवड्याचं पाणी आहे. तेव्हा हे आपल्याला कुणा न्यूयॉर्कवाल्याकडून शिकायची गरज नाही. गरज आहे ती फक्त तोच न्याय पेल्याला लावायची.

आणि तिथेच घोडं पेंड खातं. कारण हल्ली पेय आधी फोनला पाजायचं असतं. एव्हिएशन म्हणून जे जांभळेशार फोटो फिरतात त्यातल्या बऱ्याच पेयांत व्हायोलेटचा अख्खा पेग ओतलेला असतो, नाहीतर चक्क गोकर्णाचं फूल असतं. गोकर्णाची गंमत मलाही आवडते. निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं, शाळेतल्या लिटमसचा भाऊच तो. एम्प्रेस १९०८ नावाच्या कॅनडियन जिनचा रंगही याच फुलाचा. पण गोकर्णाला सांगण्यासारखा वास नाही. जो पदार्थ मुळात वासासाठी होता त्याच्या जागी नुसता रंग ठेवायचा, म्हणजे केशराऐवजी श्रीखंडात खायचा पिवळा रंग घालण्यासारखं झालं. पंगतीत दिसायला ठीक, पण जेवणाऱ्याला फसवणूक कळतेच.

बरं, तत्त्वज्ञान पुरे. कृती.

जिन: साठ मिली. साधी, जुनिपरचा वास असलेली कोरडी जिन घ्या. गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगल्या जिन बनायला लागल्या आहेत. ग्रेटर दॅन २०१७ मध्ये आली, स्ट्रेंजर अँड सन्स २०१८ मध्ये. या पेयासाठी आयात बाटलीवर पैसे घालवायची गरज नाही. आधीच फळांचा किंवा गुलाबाचा स्वाद घातलेली गुलाबी जिन मात्र नको. एका पेल्यात दोन फुलं भांडतात.

लिंबाचा रस: वीस मिली. मूळ पाककृतीतलं लिंबू म्हणजे पिवळं, जाड सालीचं लेमन. आपलं कागदी लिंबू वेगळं, ते जास्त तिखट आंबट असतं. पिवळं मिळालं नाही तर कागदी वापरा, पण पंधरा मिलीपासून सुरुवात करा आणि चाखून वाढवा. एन्सलिनसारखा दोनास एक रस घातलात तर डोळे मिटतील. मरास्किनोच्या दोन शिंतोड्यांनी तेवढा आंबटपणा सावरत नाही, म्हणूनच आजच्या बारमध्ये रस कमी आणि मरास्किनो जास्त असतं.

मरास्किनो: दहा मिली. हे पाण्यासारखं पारदर्शक, ३२ टक्के अल्कोहोलचं लिक्युर आहे, माराश्का जातीच्या आंबट चेरीपासून केलेलं. लुक्सार्दो हे त्यातलं जुनं घराणं, १८२१ मध्ये झादर शहरात सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धात तिथला कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर १९४७ मध्ये इटलीत तोरेल्याला नव्यानं उभं राहिलं. इथे एक धोक्याची सूचना: डब्यातल्या लाल चेरीचा पाक म्हणजे मरास्किनो नव्हे. आपल्या बेकरीतली ती लालभडक 'चेरी' तर बऱ्याचदा करवंदाची असते. करवंदावर माझं प्रेम आहे, पण त्याची जागा डोंगरावर.

क्रेम द व्हायोलेट: पाच मिली. एक सपाट चहाचा चमचा, वर थेंब नाही. ही बाटली आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वाईन शॉपमध्ये मिळत नाही. परदेशातून येणाऱ्या मित्राला सांगा, विमानतळावर दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. एक बाटली म्हणजे शंभराच्या वर पेले, दोन-तीन वर्षं चिंता नाही. कॉफीवाल्यांकडे व्हायोलेटचं बिनदारूचं सिरप असतं, तेही चालेल, पण ते जास्त गोड असल्यानं अर्धा चमचाच.

मोजायला पेग मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण स्वच्छ धुऊन घ्या, त्यावर अडीच-पाच-दहाच्या खुणा असतात. शेकर नसेल तर घरातला फिरकीचा तांब्या काढा. हो, तोच, प्रवासात पाणी न्यायचा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, हातात बसणारा. मला तर तो या कामासाठीच बनवल्यासारखा वाटतो. गाळायला चहाचं गाळणं. पेला अर्धा तास फ्रीजरमध्ये.

चारही गोष्टी तांब्यात घाला, अर्ध्याच्या वर बर्फ भरा, फिरकी घट्ट करा आणि बारा ते पंधरा सेकंद मनापासून हलवा. तांब्यावर दव धरलं आणि हात बधिर झाला, की थांबा.

इथे इंजिनिअर म्हणून थोडं बोलू द्या. बर्फ पेय थंड करतो तो स्वतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता ओढून घेतो. खोलीच्या तापमानाचं शंभरेक मिली मिश्रण शून्याच्या चार-पाच अंश खाली न्यायचं तर तीसेक ग्रॅम बर्फाचं पाणी होणारच. ते पाणी म्हणजे भेसळ नव्हे, तो पाचवा घटक आहे. म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलेली जिन वापरू नका. जिन आधीच गोठणबिंदूखाली असेल तर बर्फ कमी वितळतो, पाणी कमी मिळतं, आणि पेय थंड असूनही घशाला चटका देतं. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात हे उलटं वाटतं खरं, पण हिशोब हिशोब असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

माझे बाबा एसटीत होते. आयुष्यात थेंब घेतला नाही. ते साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले की माझ्या बाटल्या मी कपाटात दडवत नाही, शेल्फवर असतात तिथेच राहतात. एकदा त्यांनी ती व्हायोलेटची छोटी बाटली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "अरे, रंग कुठलाही दे. दारू ती दारू." मी म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर आहे." आणि ते खरंच बरोबर आहे. डेपोतल्या किती सहकाऱ्यांचे पगार पहिल्या आठवड्यात संपताना त्यांनी पाहिलेत, किती घरी समजूत घालायला गेलेत. त्या माणसाला 'हे क्लासिक कॉकटेल आहे' असं सांगणं हा उद्धटपणा झाला असता.

म्हणून त्यांच्यासमोर आकडेच मांडले. इथेही मांडतो. साठ मिली जिन, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मरास्किनो आणि व्हायोलेटचे मिळून आणखी तीन-साडेतीन. झाले जवळपास चोवीस ग्रॅम. पाच टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या अख्ख्या बाटलीत साधारण तेवढंच असतं. तो नाजूक, फिकट निळा, फुलाचा वास येणारा पेला म्हणजे बिअरची एक मोठी बाटली आहे, आणि तो दहा मिनिटांत संपू शकतो. 'फुलांचं हलकं पेय' असं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. हे सगळं मान्य करूनच पेला उचलायचा असेल तर उचलावा.

बाबा आकडे ऐकून म्हणाले, "मग कशाला?" प्रश्न अगदी सरळ आहे, आणि माझं उत्तर असं.

आपल्या मराठी मध्यमवर्गात दारूची दोनच रूपं मला लहानपणापासून दिसली. एक, जिचं नाव घरात घ्यायचं नाही. दोन, जिच्यासाठी 'बसायचं'. बसायचं म्हणजे क्वार्टर मागवायची, चकणा मागवायचा, आणि संपेपर्यंत उठायचं नाही. पहिल्या रूपात बोलणं नाही, दुसऱ्यात मोजणं नाही. आणि माझं मत असं, की ही दोन रूपं एकमेकांना पोसतात. जे घरात बोलता येत नाही ते बाहेर मोजता येत नाही. अंदाजपंचे दाहोदरसे चालतं, आणि मग एक दिवस कुणाच्या तरी घरी समजूत घालायला जावं लागतं.

एव्हिएशन या दोन्हीत बसत नाही. ते अंदाजानं होतच नाही. पाच मिलीचे दहा झाले की ते स्वतःच सांगतं, साबण! दुसरा पेला करायचा तर पुन्हा लिंबू पिळा, पुन्हा मोजा, पुन्हा बर्फ काढा, पुन्हा तांब्या धुवा. आळशी माणसाचा एकातच आटोपतो, आणि मी चांगलाच आळशी आहे :) हे पेय उघड्यावर, स्वयंपाकघरात, ओट्यावर होतं, बायको लिंबू पिळते, मी मोजतो. आठवड्याला एक पेला, दोघांत एक असला तर आणखी उत्तम. यानं दारूची चांगली वस्तू होत नाही. पण किती घेतली हे माणसाला नेमकं माहीत असतं आणि घरातल्या सगळ्यांनाही माहीत असतं. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही.

बाबांना हे पटलं का? नाही. ते एवढंच म्हणाले, "मोजतोस ते ठीक आहे." एसटीतल्या माणसाकडून इतकं मिळालं तर मी पावती जपून ठेवतो.

तेव्हा मंडळी, करायचं असेल तर चमचा सपाट ठेवा. व्हायोलेट कमी पडलंय असं वाटलं तर आणखी घालायच्या आधी अर्धं मिनिट थांबा, वास परत येतो. पेल्याचा रंग फोटोत राखाडी दिसला तर समजा बरोबर जमलंय. पांढऱ्या भिंतीसमोर तो तसा काही खास दिसत नाही. आणि बाटली मिळालीच नाही, तर जिन-लिंबू-मरास्किनो करा, चवीनं प्या, फक्त त्याला एव्हिएशन म्हणू नका. गोकर्ण कुंडीतच राहू द्या, ते तिथे जास्त शोभतं.